टॅबचं पोट का फुगलं?

बालमित्रांनो, शिक्षक नेहमी तुमच्या चुका दाखवतात. वहीत लाल शाईनं गोल करतात. आज मी माझीच एक चूक तुम्हांला सांगणार आहे. ती मला चौथीतल्या एका मुलानं आधीच दाखवली होती. मी मात्र त्याचं ऐकलं नाही. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते छापून आलं तर तो लाजेनं आठ दिवस शाळेत मान वर करणार नाही!

आमची शाळा बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. आमच्या जिल्ह्याचे लोक दोन भागांतच सगळं मोजतात, घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली. तिथं उन्हाळ्यातही रात्री जरा गार वारा येतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, शेगाव. हा पूर्णा नदीचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख. इथं मे महिन्यात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शाळेच्या दोन खोल्या, आणि वर पत्रे. आता तुम्हीच विचार करा, आत काय भट्टी होत असेल!

२०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून डिजिटल होऊ लागल्या. आमचं गाव लहान. आम्हांला जरा उशीर लागला. पण एका दिवाळीनंतर सोयाबीन विकून लोकांच्या हातात चार पैसे आले आणि गावानं वर्गणी काढली. कुणी पाचशे दिले, कुणी शंभर. शेळ्या राखणारी एक म्हातारी आजी आली. तिनं पदराची गाठ सोडून अकरा रुपये माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, “गुरुजी, माह्या नातवाले पाटी घेऊन द्या.” तिच्या लेखी टॅब म्हणजे पाटीच. त्या पैशांतून पाच पाट्या आल्या. म्हणजे पाच टॅब!

त्यातल्या चार टॅबवर मुलं गटागटानं अभ्यास करतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड टॅबला दाखवला की धड्याचा व्हिडिओ उघडतो, हे तुम्हांला माहीत असेलच. पाचवा टॅब मी भिंतीवर बसवला. गावातल्या सुतारानं त्याला छान सागवानी चौकट करून दिली. परिपाठाला त्याच्यावर प्रार्थना लागायची, दिनविशेष दिसायचा, मधल्या सुट्टीत गोष्टी लागायच्या. त्याची वायर मी कायमची सॉकेटमध्ये खोचून ठेवली. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा टॅब सदा भरलेला असावा, असा माझा हिशेब. घरात रांजण भरलेला असला की गृहिणी निर्धास्त असते ना, तसंच.

एके दिवशी पाहतो तर पिन काढलेली. मी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलेली! तिसऱ्या दिवशी मी चोर पकडला. तोच तो चौथीतला मुलगा. मी विचारलं, “काऊन रे, पिन कोणी काढली?”

तो म्हणाला, “सर, थो लय तापते. माहे बाबा म्हणतात, सदा लावून ठेवू नये त्याले.”

मी हसलो. म्हणालो, “वा! मोठा इंजिनिअर आला!” सगळा वर्ग हसला. त्याची मान खाली गेली. त्यानंतर त्यानं पिनेला हात लावला नाही.

मुलांनो, त्या दिवशी मी एक साधी गोष्ट करायला हवी होती. उठून टॅबच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण मी तो ठेवला नाही.

मे महिन्याची सुट्टी लागली. शाळेला कुलूप लावलं आणि मी गावी गेलो. भिंतीवरचा टॅब तसाच चौकटीत आणि पिन तशीच सॉकेटात. विदर्भात ऊन जास्त, म्हणून आमच्या शाळा जून सरता सरता उघडतात. शाळेच्या पहिल्या दिवशी कुलूप काढून आत गेलो, तर काय! टॅबची काच एका बाजूनं चौकटीच्या बाहेर आलेली. मागचं झाकण टम्म फुगलेलं, तव्यावरच्या फुलक्यासारखं. मी हात पुढे केला, तोच मागून आवाज आला, “सर, दाबू नका त्याले!”

तोच मुलगा! आता तो पाचवीत गेला होता.

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग पिन काढली. टॅब हळूच चौकटीतून सोडवला, न दाबता. घमेल्यात कोरडी वाळू घेतली, त्यावर टॅब ठेवला आणि घमेलं अंगणात, मुलांपासून लांब, सावलीत नेलं. दुपारी दारावरून शेळ्या घेऊन ती आजी चालली होती. रोजच्यासारखं तिनं विचारलं, “गुरुजी, आमची पाटी बरी हाये ना?” मला उत्तर देता येईना. अकरा रुपये काही फार नाहीत, पण ते तिच्या पदराच्या गाठीतून आले होते. मी नुसती मान हलवली आणि आत गेलो.

त्या मुलाचे बाबा आठवडी बाजारात टेबल टाकून मोबाइल दुरुस्त करतात. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. त्यांनी त्यांच्या हत्यारांनी जपून झाकण उघडलं. आतली बॅटरी म्हणजे एक चांदीच्या रंगाची पातळ पिशवी असते. ती उशीसारखी फुगली होती. त्यांनी ती वेगळी केली. हे काम तुम्ही कधीही करायचं नाही, आणि तुमच्या सरांनीही नाही. ते जाणकाराचंच काम. फुगलेली बॅटरी दाबली, टोचली किंवा पुन्हा चार्जिंगला लावली तर ती पेट घेऊ शकते.

मी विचारलं, “असं कशानं झालं?”

ते म्हणाले, “सर, बॅटरीले ना लय उपाशी ठेवा, ना लय खाऊ घाला. अन् उन्हात त ठेवूच नका.”

एका वाक्यात सगळं शास्त्र! पण ‘असं का?’ हे मला कळल्याशिवाय मी तुम्हांला काय सांगणार? म्हणून मी वाचायला बसलो. जे समजलं ते सांगतो.

टॅबमध्ये, मोबाइलमध्ये जी बॅटरी असते तिला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. कल्पना करा, एका शाळेत दोन खोल्या आहेत आणि मध्ये जाळीचं दार. एक खोली ग्राफाइटची. ग्राफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतलं शिसं. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. दुसरी खोली धातूच्या ऑक्साइडची. लिथियमचे आयन म्हणजे या खोल्यांतली मुलं. टॅब वापरताना ही मुलं ग्राफाइटच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात आणि त्याच वेळी वायरीतून वीज वाहते. चार्जिंग करताना आपण त्यांना परत ग्राफाइटच्या खोलीत ढकलतो. दोन्ही खोल्यांत एक द्रव भरलेला असतो. त्यातूनच ही मुलं ये-जा करतात.

शंभर टक्के चार्ज म्हणजे काय? ग्राफाइटची खोली खचाखच भरलेली. समोरच्या खोलीतून मात्र जेवढी काढता येतील तेवढी मुलं काढलेली. साधारण अशा बॅटरीचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरली की तो ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. तुमच्या गलोलीचं रबर आठवा. खडा मारण्यापुरतं क्षणभर ताणलं तर काही बिघडत नाही. पण तेच रबर ताणून खिळ्याला महिनाभर अडकवून ठेवलं तर? ते सैल पडतं, त्याला भेगा जातात. पूर्ण भरलेली बॅटरी ही अशीच ताणलेली असते. त्या ताणात आतला द्रव हळूहळू बिघडतो आणि थोडा थोडा वायू तयार होतो. त्यात उष्णता मिळाली की हे सगळं भराभर होतं. वायूला बाहेर जायला वाट नसते. मग पिशवी फुगते. आमच्या टॅबचं पोट फुगलं ते असं!

इथं एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटतं, पिन लावून ठेवली की बॅटरीत जादा वीज कोंबली जाते. तसं नसतं. टॅबमध्ये एक छोटं सर्किट असतं. बॅटरी भरली की ते चार्जिंग थांबवतं. पण जरा पातळी उतरली की पुन्हा भरतं. म्हणजे बॅटरी रात्रंदिवस त्या ताणलेल्या अवस्थेतच राहते. नुकसान जादा भरण्यानं होत नाही, सदा भरलेलं राहण्यानं होतं.

उष्णतेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. बॅटरीच्या अभ्यासकांचा एक ढोबळ तक्ता आहे. २५ अंश सेल्सिअसला बॅटरी ४० टक्के भरून वर्षभर नुसती ठेवली तर तिची ताकद जवळपास ४ टक्के घटते. तीच पूर्ण भरून ठेवली तर २० टक्के. आता तापमान ४० अंश धरा, म्हणजे आमचा घाटाखालचा उन्हाळा. ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षात १५ टक्के ताकद गमावते, आणि पूर्ण भरलेली ३५ टक्के! पहिल्या आकड्याच्या आणि शेवटच्या आकड्याच्या मध्ये किती फरक आहे, वजाबाकी करून पाहा. पत्र्याखाली, चौकटीत कोंडलेला, सदा भरलेला आमचा टॅब त्या शेवटच्या रकान्यातला होता.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. “बॅटरी पूर्ण संपू द्यावी, मगच भरावी,” असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खोटं नव्हतं, पण ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होतं. लिथियमच्या बॅटरीला ते लागू नाही. उलट ती वारंवार शून्यापर्यंत नेली तर लवकर थकते. तिला थोडं थोडं, मधून मधून भरलेलं चालतं. रात्रभर उशीखाली मोबाइल ठेवून चार्जिंगला लावणं तर दुहेरी वाईट. पूर्ण भरलेली आणि वर उशीची ऊब!

ही बॅटरी आली कुठून, हेही सांगतो. १९७०च्या दशकात स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी लिथियमच्या बॅटरीचा पाया घातला. १९८० साली जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिची ताकद वाढवली. १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती वापरायला सुरक्षित केली. १९९१ साली ती बाजारात आली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळी गुडइनफ यांचं वय होतं ९७! नोबेल मिळवणारे ते सर्वांत वयस्कर. इतक्या लोकांनी इतकी वर्षं डोकं झिजवून केलेली वस्तू मी दोन महिन्यांत पत्र्याखाली शिजवली, हे वाचताना मला फार ओशाळल्यासारखं झालं.

टॅबमध्ये नवी बॅटरी बसली. त्याच्या पुढच्याच परिपाठाला मी मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, “मागच्या वर्षी याच खोलीत मी एका मुलाला हसलो. तुम्हीही हसलात. तो बरोबर होता आणि मी चूक होतो. मी त्याची माफी मागतो.” वर्ग एकदम चिडीचूप. तो मुलगा खाली बघत बसला होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ आहे. स्वच्छता मंत्री, पाणी मंत्री, आहार मंत्री. तुमच्याही शाळेत असेल. त्या दिवशी आम्ही एक नवं खातं काढलं, चार्जिंग खातं. मंत्री कोण झाला, हे सांगायला नको! त्यानं आणि मुलांनी मिळून नियम ठरवले. फळ्याशेजारी कार्डशीटवर लावलेत. ते असे :

एक. टॅब २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ८० टक्क्यांना पिन काढायची. सहलीला किंवा लांबच्या कामाला न्यायचा असेल तर शंभर टक्के भरला तरी चालेल, पण तो लगेच वापरायचा.

दोन. चार्जिंग सकाळी, गारव्यात. दुपारी पत्रा तापल्यावर नाही. चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढायचं. टॅब दप्तरात, गादीवर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवायचा नाही.

तीन. भिंतीवरच्या टॅबला सदा वीज नको. काही टॅबच्या सेटिंगमध्येच ८० किंवा ८५ टक्क्यांना चार्जिंग थांबवण्याची सोय असते. असेल तर ती चालू करायची. आमच्या टॅबमध्ये ती नव्हती, म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून टायमरचा सॉकेट आणला. सकाळी ठरलेला वेळ वीज मिळते, मग आपोआप बंद. चौकटीला सुतारानं मागून भोकं पाडली, हवा खेळायला.

चार. रोज टॅबच्या पाठीवर हात ठेवून पाहायचं. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर पिन काढायची आणि सावलीत ठेवायचा. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. आत दव धरतं.

पाच. काच उचललेली किंवा झाकण फुगलेलं दिसलं तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं.

सहा. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकायची नाही. २०२२ साली आपल्या देशात बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम आले. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यातले धातू परत मिळवण्याची जबाबदारी त्यांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. म्हणून ती दुकानात किंवा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायची.

सात. मोठ्या सुट्टीत टॅब निम्मा भरून, पूर्ण बंद करून, गार जागी ठेवायचा.

एवढं करूनही बॅटरी अमर होणार नाही, हे लक्षात ठेवा. साधारण पाचशेच्या आसपास वेळा पूर्ण भरली आणि रिकामी झाली की तिची ताकद कमी झालेली जाणवू लागते. म्हातारपण तिलाही आहे. आपण फक्त ते अवेळी आणायचं नाही.

यंदा मे महिन्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मंत्रिमहोदय सगळ्यांत शेवटी घरी गेले. पाचही टॅब त्यानं निम्मे भरले होते. वहीत आकडे लिहिले : ५२, ५०, ५१, ४९, ५०. मग टॅब बंद केले, सुती कापडात गुंडाळले. पत्र्याखालची खोली नकोच, म्हणून ते आम्ही एका पालकांच्या जुन्या मातीच्या घरात, धाब्याखालच्या गार खोलीत ठेवले. त्या घरात बाहेर लाही लाही होत असताना आत सुखाची झोप लागते.

जूनच्या अखेरीला शाळा उघडली. पेटी आणली. सगळा वर्ग भोवती जमला. त्यानं एकेक टॅब बाहेर काढला, सपाट टेबलावर ठेवून डोळे बारीक करून कडेनं पाहिलं. एकही डोलत नव्हता. मग चालू केले आणि वहीतल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले. सगळे दोन-चार टक्क्यांनीच उतरले होते. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या वर्गातली मुलं धावत आली.

दुपारी आजी दारावरून चालली होती. “गुरुजी, आमची पाटी बरी हाये ना?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो दारात गेला आणि म्हणाला, “हाव आजी, बरी हाये. थंडी हाये. हात लावून पाय.”

आजीनं काठी बगलेत धरली, हात पदराला पुसला आणि टॅबच्या पाठीवर ठेवला.

तर बालमित्रांनो, हे वाचून झालं की एक काम करा. घरात किंवा शाळेत एखादा टॅब, एखादा मोबाइल पिन लावून पडलेला असेल. त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहा. गरम लागला तर मोठ्यांना सांगा. आणि गुरुजींनो, मूल सांगायला आलं तर हसू नका, आधी हात लावून पाहा.